खालून दिसलेली मुलगी

लॅपटॉप घ्यायला आलेलं गिऱ्हाईक दुकानात उठाबशा काढतंय, हे नांदेडच्या त्या दुकानदाराने बहुधा पहिल्यांदाच पाहिलं असेल. मी खुर्चीवर बसून स्क्रीनकडे बघायचो, मग उभं राहून बघायचो, मग फरशीवर गुडघे टेकून खालून बघायचो. स्क्रीनवर एकच करडा रंग पसरून ठेवला होता. माझ्याबरोबर तो रंगही खालीवर व्हायला लागला की तो लॅपटॉप बाद. दुकानदार शहरातल्या जुन्या व्यापारी घराण्यातला, मेंदीने रंगवलेली दाढी, बोलण्यात अदब. त्याने बराच वेळ सोसलं आणि शेवटी म्हणाला, "साहेब, लॅपटॉप घ्यायलाव का कसरत करायलाव?"

मी त्याला माझं दुखणं सांगितलं. मला एकाच मशीनवर दोन कामं करायची होती. अर्धा दिवस चित्रांचं, अर्धा दिवस प्रोग्रामिंगचं. चित्राला रंग खरा लागतो. प्रोग्रामिंगला अक्षर रेखीव लागतं आणि काच चकचकीत चालत नाही, नाहीतर दिवसभर कोडच्या ओळींतून स्वतःचंच थोबाड बघत बसावं लागतं. "रॅम किती पायजे ते बोला ना," तो म्हणाला. त्याचा तरी काय दोष? तेव्हा आमच्याकडे लॅपटॉप रॅमवर खपायचा, हार्ड डिस्कवर खपायचा, सोबत बॅग फुकट आहे का यावर खपायचा. स्क्रीनचं कुणी विचारतच नव्हतं. स्क्रीन काय, सगळ्यांनाच असते.

त्याने तीन मशीन पुढ्यात ठेवली. एक लखलखीत, रंग असे की मिठाईच्या दुकानातली बर्फीची ताटं वाटावीत. त्यावर माझ्यासारख्याचा फोटोसुद्धा खपून गेला असता. दुसरं आकाराने मोठं, पण अक्षरांच्या कडा फुटलेल्या. तिसरं दिसायला अगदीच सोज्वळ, मॅट काचेचं, रंग जरा उदासच. पण त्याच्यासमोर मी कितीही खालीवर झालो तरी करडा रंग तसूभर हलला नाही. याला आयपीएस म्हणतात, हे मी वाचून गेलो होतो. दुकानदाराने डब्यावर ती अक्षरं शोधून काढली आणि आपल्या दुकानात असला माल आहे याचं त्यालाच कौतुक वाटलं. मी तो घेतला. माझा जुना लॅपटॉप त्याने बदल्यात ठेवून घेतला. काउंटरच्या मागे जुन्या मशीनची चळत होती, तिच्यावर त्याने तो नेऊन ठेवला. मी वळूनही बघितलं नाही. पीडा गेली, असं मनात म्हणालो हे चांगलं आठवतंय.

त्या जुन्या लॅपटॉपने मला खरंच पिडलं होतं. मी मूळ नांदेडचा, पण पोटापाण्यासाठी लातूरला आलो तेव्हा तिथे क्लासेसचा नुसता पूर आला होता. गावोगावची पोरं ट्रंका घेऊन यायची. ज्याच्या घरात एक खोली जास्तीची त्याचं हॉस्टेल, जिच्या हाताला चव तिची मेस. आणि प्रत्येक खांबावर, गच्चीवर, चौकात टॉपरांचे फोटो. ते फोटो लावून देणाऱ्यांतला मी एक. एका मोठ्या क्लासचे सगळे फ्लेक्स मी करायचो, आणि त्यांच्याच टेस्टचे मार्क घेऊन पोरांची क्रमवारी लावणारा प्रोग्रॅमही मीच लिहिला होता. म्हणजे कोण पहिला हे माझा प्रोग्रॅम सांगायचा आणि तो कसा दिसतो हे मी ठरवायचो.

कसा दिसतो, हे खरोखर आम्हीच ठरवायचो. आमच्या धंद्याचा एक रिवाज होता. फोटो उघडला की पहिल्यांदा चेहरा गोरा करायचा, बाकीचं नंतर. हे कुणी कुणाला शिकवलं नव्हतं आणि कुणी सांगायचंही नाही. उन्हात सायकल मारून रापलेलं पोरगं आमच्या हातून निघालं की साबणाच्या जाहिरातीतलं व्हायचं. एका टॉपरचा बाप रेणापूरहून खास फ्लेक्स बघायला आला होता. स्वतःच्याच पोराच्या फोटोखाली उभा राहून तो मला विचारत होता, "आमचा कुठंय हो यात?" मी ही गोष्ट पुढे कितीतरी जणांना हसून हसून सांगितली.

जुन्या लॅपटॉपची स्क्रीन म्हणजे सरड्याची जात. समोरून बघितलं तर ठीक. उभं राहून बघितलं की सगळं पांढुरकं पडायचं. खाली वाकून बघितलं की रंग गडद व्हायचे, सावल्या दाटून यायच्या. क्लासचे सर माझ्या खुर्चीमागे उभे राहून म्हणायचे, "फिकं दिसायलंय, जरा भडक करा." मी भडक करायचो आणि छापून आलं की टॉपरांना कावीळ झाल्यासारखं दिसायचं. शिव्या मला. असा सगळा तो संसार होता.

त्याच लॅपटॉपवर मी माझ्या बायकोच्या ताईचा फोटो केला होता.

बायको किल्लारीची. भूकंप झाला तेव्हा ती नुकती पावलं टाकायला लागली होती. त्या पहाटे ती किरकिर करत होती म्हणून माझ्या सासूबाई तिला घेऊन अंगणात बाजेवर पडल्या होत्या. थोरली लेक आणि सासरे आत झोपलेले. आमच्याकडच्या त्या घरांच्या भिंती दगडमातीच्या, हातभर रुंद, वर मातीचं धाबं. जे आत होते ते आतच राहिले. घरासोबत घरातलं सगळं गेलं, फोटोही गेले. फोटो असून असून किती असणार? सासऱ्यांचा एक नंतर कुठल्याशा कागदावर सापडला. थोरलीचा कुठेच नव्हता. शाळेत जाणारी पोर, तिचा वेगळा फोटो कोण कशाला काढून ठेवील?

म्हणून माझ्या बायकोला ताई ठाऊक होती ती फक्त आईच्या बोलण्यातून. ताई भाकरीचा पापुद्रा आधी काढून खायची. ताईला कुत्र्याची भीती वाटायची पण म्हशीच्या पाठीवर बसायची. ताईचं हसू उजवीकडून सुरू व्हायचं. सासूबाई मुळात कमी बोलणाऱ्या, पण थोरलीचा विषय निघाला की त्यांना बोलावंसं वाटायचं, आणि बायको मुद्दाम काही ना काही विचारून तो विषय काढायची. मायलेकींचा तो एक खेळच झाला होता म्हणा.

मग रेणापूरला एका नातेवाइकांनी घराला रंग देताना पेट्या बाहेर काढल्या आणि त्यात लग्नाचा जुना अल्बम निघाला. त्यातल्या एका फोटोत नवरा-नवरीच्या मागे वऱ्हाडाची गर्दी होती, आणि गर्दीच्या कडेला ताई उभी होती. चेहरा हरभऱ्याच्या दाण्याएवढा. हनुवटीवर कुणाचा तरी कोपर आलेला. सगळ्या फोटोवर लालसर झाक चढलेली. सासूबाई तो फोटो पदरात गुंडाळून लातूरला घेऊन आल्या.

"जावई," त्या म्हणाल्या, "तुमी एवढ्या पोरांचे फोटू करायलाव. हिला बी मोठी करून द्या की. भितीला लावीन. दुसरं कायबी नगं मला."

आमचं लग्न होऊन बरीच वर्षं झाली होती. तोवर त्यांनी माझ्याकडे एक वस्तू मागितली नव्हती. लेकीच्या घरी यायच्या त्यासुद्धा स्वतःच्या चहाची साखर आणल्यासारख्या, सांभाळून, अंग चोरून. म्हणून मला ते काम जमवायचंच होतं. नुसतं जमवायचं नाही, असं करायचं होतं की त्यांनी गावभर सांगावं. यात माझा मोठेपणाही होता, नाही कशाला म्हणू.

मी फोटो स्कॅन केला, मोठा केला. मोठा केल्यावर चेहरा राहतच नाही, नुसते ठिपके राहतात. त्या ठिपक्यांतून नाक, डोळे, भुवया शोधत बसलो. हनुवटी बायकोच्या शाळेतल्या फोटोवरून घेतली, सख्ख्या बहिणी म्हणून. वेण्या आणि रिबिनी हाताने रंगवल्या. लाल झाक काढली. आणि ती काढता काढता, रोजच्या सवयीने, चेहरा उजळला. मी काही विचार करून ते केलं नाही. बैल जसा रोजच्या वाटेने घरी येतो तसा हात त्या बटणावर गेला. दुपारी लाइट गेली की बॅटरी असेपर्यंत करायचो, मग थांबायचो. शेवटी एक मुलगी तयार झाली. गोरीगोमटी, टपोऱ्या डोळ्यांची. मला ती फार आवडली.

सासूबाईंना दाखवायला बोलावलं तो प्रसंग मला आज जसाच्या तसा दिसतो. मी टेबलाशी खुर्चीवर बसलो होतो. बायको पीठ लागलेले हात तसेच धरून माझ्यामागे उभी. सासूबाई आल्या, डोक्यावरचा पदर नीट केला आणि टेबलाच्या बाजूला फरशीवर बसल्या. आमच्या भागात सासू जावयाच्या बरोबरीने खुर्चीवर बसत नाही. लग्नानंतर सुरुवातीला मी दोनतीन वेळा म्हणून पाहिलं होतं, "मामी, वर बसा की." आम्ही सासूला मामी म्हणतो. त्या नुसत्या हसायच्या. मग मी म्हणायचं सोडलं, आणि पुढे तर त्या खाली बसतात हे माझ्या लक्षातही येईनासं झालं.

मी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. त्यांनी मान वर करून बघितलं. मग हात तोंडावर नेला.

"हाव," त्या म्हणाल्या. "हीच हाय. आगं बया, हीच हाय की."

त्या उठल्या नाहीत, जवळही सरकल्या नाहीत. तिथेच बसून रडत होत्या आणि रडताना बघत होत्या. बायको मागे उभी राहून रडत होती. माझेही डोळे भरून आले. "आसंच ठिवा," त्या म्हणाल्या, "ह्यात कायबी बदलू नका बगा." मी काही बदललं नाही. दुसऱ्याच दिवशी छापायला दिला.

फ्रेम करून आणला तेव्हा त्यांनी फोटो दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ बघितला. "लई चांगलं झालंय, जावई," म्हणाल्या. "लई मेहनत घेतली तुमी." मग तो टॉवेलात गुंडाळून पिशवीत ठेवला आणि किल्लारीला घेऊन गेल्या. मला वाटलं, भरून आलंय म्हणून त्या कमी बोलतायत.

त्यानंतर काही महिन्यांनी मी नांदेडला जाऊन तो उठाबशांचा पराक्रम केला. नव्या स्क्रीनचा मला इतका गर्व झाला होता की घरी येणाऱ्याजाणाऱ्याला मी ती वरून, खालून, बाजूने बघायला लावायचो. "कुठूनही बघा, एकच दिसतं," असं म्हणायचो. लोक हो हो म्हणायचे. त्यांना त्यात काय विशेष, हे कळायचं नाही. क्लासचे सरसुद्धा पहिल्यांदा म्हणाले, "रंग काही खुलत न्हाईत बुवा यात." पण छापून आलेला पहिला फ्लेक्स बघून गप्प झाले. माझी कामं सुधारली, डोळ्यांतून पाणी येणं थांबलं, प्रोग्रॅममधल्या चुका लवकर सापडायला लागल्या. एवढा विचार करून घेतलेली वस्तू मी आयुष्यात दुसरी घेतलेली नाही.

वेळ अमावस्येला आम्ही किल्लारीला गेलो. त्या दिवशी अख्खं गाव शेतात जेवायला जातं. आंबील, भज्जी, उंडे. सकाळी निघायच्या आधी मी घरात जरा फिरलो, खरं तर माझा फोटो बघायला. भिंतीवर देव होते, साखर कारखान्याचं कॅलेंडर होतं, सासऱ्यांचा फोटो होता. ताई नव्हती. मी बायकोला खुणावलं. ती आत गेली. मी दाराबाहेर चपला घालत रेंगाळलो आणि मला सगळं ऐकू आलं.

"ट्रंकेत ठिवलाय," सासूबाई म्हणत होत्या.

"ट्रंकेत? कामून?"

"ती आपली न्हाई, माय. दुसऱ्याच कुणाची पोर हाय ती. गोरी, मोठ्या घरची."

"मग तवा हाव म्हणलीस की!"

"तवा टेबलावरच्या त्या पेटीत दिसली व्हती. खरंच दिसली व्हती, तुझ्या गळ्याची आन. माजीच पोर व्हती. कागदावर आली ती दुसरीच."

"मग सांगायचं न्हाई का त्यास्नी? फोटू आला त्याच दिवशी?"

"जावयाच्या कामाला नावं ठिवू का मी?"

मला राग आला. रडूही यायला हवं होतं, पण आधी राग आला. इतक्या दुपारी घालवल्या आणि तो ट्रंकेत! लॅपटॉप माझ्या पाठीवर असायचाच. मी आत गेलो, पाटावर लॅपटॉप ठेवला आणि म्हटलं, "मामी, तुम्ही हो म्हणालात ना, तीच फाइल आहे बघा. एक ठिपका बदललेला नाही." त्या घाबरल्या. लेकीकडे बघायला लागल्या. मग खाली बसल्या आणि त्यांनी बघितलं. "न्हाई, जावई," म्हणाल्या. पहिल्यांदाच त्या मला न्हाई म्हणाल्या. मी लॅपटॉप उचलून खुर्चीवर ठेवला. त्या परत मान वर करून बघायला लागल्या. "न्हाई."

त्यांची ती वर केलेली मान बघितली आणि मला कळलं.

लातूरला फोटो दाखवला त्या दिवशी आम्ही तिघांनी तीन मुली बघितल्या होत्या. मी खुर्चीवरून बघितली ती माझी, उजळलेली, जी पुढे कागदावर छापली गेली. बायकोने उभं राहून बघितली ती आणखी पांढुरकी, आणि तिला तर ताई ठाऊकच नव्हती. सासूबाईंनी फरशीवरून बघितली ती सावळी, गालाखाली सावली असलेली, डोळे आत गेलेली. तिघंही हो म्हणालो. खरं हो एकट्या सासूबाईंचंच होतं. स्क्रीन खालून गडद दिसते हे मला पुरतं ठाऊक होतं, त्यापायी मी दुकानात गुडघे टेकले होते. पण माझ्याच घरात, माझ्याच पायाशी एक माणूस खाली बसून बघतंय, हे मला दिसलं नव्हतं. आणि छापलेला फोटो हातात घेऊन त्या एकदा जरी न्हाई म्हणाल्या असत्या, तरी जुना लॅपटॉप तेव्हा टेबलावरच होता. मला फक्त त्यांच्याशेजारी फरशीवर बसून बघायचं होतं. जावयाचा मान राखायला त्या गप्प राहिल्या, आणि त्याच मानाने त्यांना खाली बसवलं. दोष कुणाला द्यावा? मी आजही कधी त्यांच्यावर चिडतो, कधी स्वतःवर.

त्या दिवशी शेतात मी धड जेवलो नाही. नांदेडच्या दुकानदाराला फोन लावला. तो बिचारा शोधून सांगतो म्हणाला आणि खरंच त्याने परत फोन केला. "साहेब, ती मशीन खोलली. पार्ट सुटे करून गेले. स्क्रीन मुदखेडच्या एका गिऱ्हाइकाच्या मशीनला बसवली, आता तो कोण ते याद न्हाई. तुमालाच तर नको व्हती ना ती?"

फाइल माझ्याकडे होती. गडद करायला कितीसा वेळ? मी गडद केली, सासूबाईंना दाखवली. "आता काळी झाली, जावई. ती काळी नव्हती, सावळी व्हती." थोडी उजळ केली. "हिचं नाक दुसरं दिसायलंय." नाक मी हलवलंच नव्हतं. नव्या स्क्रीनवर एक रंग म्हणजे एकच रंग. जुन्या स्क्रीनवर खालून बघताना कपाळ वेगळं गडद व्हायचं, हनुवटी वेगळी, आणि त्या सगळ्या बिघाडातून मिळून ती पोर तयार झाली होती. ते मला हाताने करता येईना.

तेव्हा माझ्या डोक्यात कल्पना आली, आणि ती मला फार हुशारीची वाटली. क्लासवाल्यांनी पोरांच्या ऑनलाइन टेस्टसाठी एक खोली भरून लॅपटॉप घेतले होते. सगळे स्वस्तातले, वेगवेगळ्या कंपन्यांचे, रॅम बघून घेतलेले. एकाची स्क्रीन धड असेल तर शपथ. म्हटलं, यातली एखादी तरी त्या जुन्या स्क्रीनसारखी बिघडलेली असेल. सरांना विचारलं. सुट्टीच्या दिवशी ते खोली उघडून द्यायला तयार झाले.

सासूबाईंना लातूरला बोलावून घेतलं. त्या खोलीत भिंतीला लागून टेबलांची रांग होती. मी प्रत्येक लॅपटॉपवर ताईची तीच फाइल उघडली आणि टेबलांच्या पुढे फरशीवर सतरंजी अंथरली. सासूबाई सतरंजीवर बसल्या. बायको दाराशी उभी होती. खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ताई होती. एकीकडे निळसर, एकीकडे पिवळट, एकीकडे अर्धा चेहरा उजेडात आणि अर्धा अंधारात. आता विचार केला की अंगावर काटा येतो. तेव्हा मला नुसता हुरूप आला होता.

"मामी, ही बघा. ही की शेजारची?"

त्या बसल्या बसल्या सरकायच्या, मान वर करायच्या. "हिचं कपाळ हाय बगा," म्हणायच्या. मी लगेच तो लॅपटॉप थोडा तिरपा करायचो, रंग हलवायचो. "आता? जवळ आलो का?" "आलाव की." "मग डोळे?" "डोळे... त्या पल्याडचीचे." मी पल्याडचीकडे पळायचो. जावई एवढा धडपडतोय, त्याला नाही कसं म्हणावं, म्हणून त्या प्रत्येकीत काही ना काही शोधून देत होत्या. हे मला कळायला हवं होतं. मी खुणा करत होतो, कपाळ इथलं, डोळे तिथले, रंग खिडकीजवळचीचा. चष्म्याच्या दुकानात काचा बदलून बदलून विचारतात ना, तसं चाललं होतं माझं. बायको एकदा म्हणाली, "अहो, जरा दम घिऊ द्या आईला." मी ऐकलं नाही.

मग मी वळून पाहिलं. त्या डोळे मिटून बसल्या होत्या. मला वाटलं, चक्कर आली. बायको धावली. त्यांनी डोळे उघडले, रांगेकडे बघितलं, आणि परत मिटले.

"मामी, काय झालं?"

"बंद करा, जावई," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "म्या एवढी वर्सं डोळं मिटलं की ती दिसायची मला. आता मिटलं तरी ह्याच दिसायल्यात. माझी कोणती, तेच कळंना गेलंय."

मी एकेक लॅपटॉप बंद करत गेलो. काहींना बंद व्हायला वेळ लागतो. तेवढा वेळ स्क्रीनवरची ती तशीच बघत राहायची, आणि मला तिच्या आणि सासूबाईंच्या मधे उभं राहावंसं वाटत होतं.

सासूबाई आठवडाभर राहायला म्हणून आल्या होत्या, दुसऱ्या दिवशी सकाळीच जाते म्हणाल्या. मी स्टँडवर सोडायला गेलो. किल्लारीच्या गाडीत जागा धरून दिली. खिडकीतून त्या मला म्हणाल्या, "तुमी मनाला लावून घिऊ नका. तुमी चांगल्यासाठीच केलं." असं त्या म्हणाल्या म्हणून मला जास्त लागलं. त्यांनी दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

पुढे आम्ही किल्लारीला गेलो तेव्हा मायलेकी शेंगा फोडत बसल्या होत्या. बायकोने नेहमीसारखा विषय काढला. "आई, ताई पहिल्या दिवशी शाळेत रडली व्हती का गं?" सासूबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. त्यांनी आठवायचा प्रयत्न केला, मला ते दिसत होतं. मग म्हणाल्या, "व्हती बाई. गुणाची व्हती." आणि उठून सूप आणायला गेल्या. बायकोने नंतर आणखी एकदोनदा विचारून पाहिलं. दर वेळी तेवढंच उत्तर. गुणाची होती. असं तर कुणाच्याही लेकीबद्दल म्हणतात.

परतताना एसटीत बायको खिडकीशी बसली होती. बाहेर बघतच ती म्हणाली, "आईनं सांगितलं तेवढीच ताई होती माझ्याकडं. आता कुणाला विचारू?"

तिने मला कधीच दोष दिला नाही, त्या दिवशीही नाही. मी तिच्या मांडीवरची शेंगांची पिशवी माझ्याकडे घेतली.